मनिऑर्डरचा फॉर्म आणि कलम ३७२

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नागपाड्यात अब्बांचं बुकबाइंडिंगचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. एक शिकंजा, खळीचं भांडं, कापडाच्या चिंध्या आणि बाहेर एक बाकडं. शेजारीच पोस्ट असल्यामुळे त्या बाकड्याचा दुसराही उपयोग होई. मी नववीत असल्यापासून, म्हणजे १९८४-८५ पासून, शाळा सुटली की तिथं बसून लोकांचे मनिऑर्डरचे फॉर्म भरत असे. मराठी, हिंदी, उर्दू तिन्ही लिहिता येत. एका फॉर्मला आठ आणे. हमाल यायचे, खानावळीतली पोरं यायची आणि दुपारी तीन-चारच्या सुमाराला, बाजार थंड असताना, पलीकडच्या कामाठीपुऱ्यातून बायका यायच्या.

त्यातली एक दर महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास येई. बाई म्हणतो, पण तेव्हा तिचं वय अठरा-एकोणीस असेल. बोली सीमाभागातली, कृष्णेकाठची, मराठीला कानडी हेल. ती मला ‘भाऊ’ म्हणे, मी ‘ताई’ म्हणे. पैसे जायचे आईला. पहिल्यांदा पाठवणाऱ्याचा पत्ता विचारला तेव्हा ती गप्प राहिली. अब्बा शिवणीतून मान वर न करता म्हणाले, ‘‘दुकानाचा लिही.’’ तेव्हापासून तिच्या पैशांची पोच आमच्या दुकानावर येऊ लागली. फॉर्मच्या खाली संदेशासाठी दोन बोटं जागा असे. तिथं ती सांगायची, ‘‘लिव, भांड्याच्या कारखान्यात काम चालू हाय. तब्येत बरी हाय.’’

एकदा मी भाबडेपणानं विचारलं, ‘‘गावी कधी येणार ते कळवू का?’’ ती म्हणाली, ‘‘उचल फिटल्याबिगर कसं जाणार? आईनं चार हजार उचलल्यात माझ्यावर.’’

उचल! पुढं कॉलेजात ऊसतोडीच्या कथा वाचताना हा शब्द मला पुन्हा भेटला. मुकादम उचल देतो, टोळी कारखान्यावर जाते. पण मी तो पहिल्यांदा ऐकला होता तो त्या बाकड्यावर.

मी कायद्याचा पदवीधर नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो, कविता करू लागलो आणि पोटासाठी काही वर्षं एका वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून बसलो. तिथं भारतीय दंडसंहितेचं पुस्तक हाताशी असे. एका रिकाम्या दुपारी चाळता चाळता कलम ३७२ वर नजर गेली. अल्पवयीन व्यक्तीला वेश्याव्यवसायासाठी जो कोणी विकेल, भाड्यानं देईल किंवा तिची अन्य प्रकारे विल्हेवाट लावेल, त्याला दहा वर्षांपर्यंत कैद. पुढचं कलम ३७३. त्यात विकत घेणारा, भाड्यानं घेणारा आणि अन्य प्रकारे ताबा मिळवणारा यांना तीच शिक्षा. विकणं, भाड्यानं देणं, विल्हेवाट लावणं. सगळे बाजारातले शब्द. कवितेत आम्ही ज्या गोष्टीला वीस प्रतिमा शोधतो ती कायद्यानं १८६० साली तीन क्रियापदांत सांगून टाकली होती. मला ती उचल आठवली. म्हणजे गुन्हा कागदावर होता, सव्वाशे वर्षांपासून होता. मग तो आमच्या बाकड्यापर्यंत चालत कसा आला? या प्रश्नामागं मी नंतर बरंच वाचलं. त्यातलं थोडं आज सांगतो.

हा बाजार इंग्रजांनी आणला असं समजण्याचं कारण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गणिकाध्यक्ष नावाचा सरकारी अधिकारी आहे. कुंटणखाना या शब्दातली कुंटीण संस्कृतातल्या कुट्टनीची वारसदार आहे आणि ‘खाना’ फारसीतून आलेला. आमच्या दोन्ही परंपरांनी मिळून तो शब्द घडवलाय, असं मी कधी कधी चेष्टेनं म्हणतो. पेशवाईत बदकर्माचा आरोप शाबीत झालेल्या बाईला सरकारजमा करून कुणबीण करत, कारखान्यात राबवत आणि विकतही. म्हणजे बाईची खरेदी-विक्री हा गुन्हा नव्हता, तीच शिक्षा होती. १८४३ च्या कायद्यानं कंपनी सरकारनं गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. पुढं मेकॉलेच्या मसुद्यातून घडलेली दंडसंहिता १८६० मध्ये मंजूर झाली, १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. त्यात गुलामांच्या व्यापाराच्या कलमांना लागूनच ही ३७२ आणि ३७३ कलमं बसवली. शेजार बोलका आहे. वयाची मर्यादा तेव्हा सोळा होती. ती अठरा झाली १९२४ साली.

आता या कलमात सापडलं कोण? माझ्या वाचनात आलेल्या मुंबई हायकोर्टाच्या निकालांतला सर्वांत जुना निकाल १८६९ चा आहे. आरोपी कोण, तर एक भावीण. कोकणातल्या देवळांच्या चाकरीतली बाई. अल्पवयीन मुलीला देवाच्या नावानं त्याच वाटेवर सोडण्याचा विधी केला म्हणून ३७२ खाली खटला झाला आणि कोर्टानं हा विधी म्हणजे मुलीची विल्हेवाटच आहे असं धरलं. निकाल चुकीचा होता असं मला म्हणायचं नाही. मुलगी अल्पवयीन होती आणि विधीचा अर्थ सगळ्या गावाला माहीत होता. पण त्या भाविणीलाही लहानपणी कुणीतरी असंच सोडलं असणार. आणि ज्यांच्यासाठी ही प्रथा चालत होती ते इनामदार, मानकरी, खोत? त्यांच्यातलं कुणी त्या आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हतं. हा निकाल वाचताना मला सारखी त्या कृष्णाकाठच्या आईची आठवण येत होती.

कलम धारदार होतं, पण चालवायला अवघड. मुलगी सोळाच्या आत आहे हे सिद्ध कसं करायचं? जन्माची नोंद नाही, डॉक्टरचा अंदाज एवढाच पुरावा. विकणारा नात्यातला, दूरच्या जिल्ह्यातला, नाहीतर संस्थानी मुलखातला. व्यवहाराची पावती कोण करतंय? आणि कर्ज तर खुद्द त्या बाईच्या नावावर मांडलेलं. कपडे, दागिने, औषधपाणी सगळं तिच्याच खात्यावर. कोर्टात विक्री दिसत नाही, दिसते ती एक कर्जबाजारी बाई.

शिवाय सरकारला काळजी होती ती निराळीच. १८६८ मध्ये संसर्गजन्य रोगांचा कायदा आला. गोऱ्या सोल्जरांना आणि खलाशांना गरमी-परमा होऊ नये म्हणून वेश्यांची नावनोंदणी करायची, ठरावीक दिवशी तपासायचं आणि रोग निघाला तर लॉक हॉस्पिटलात कोंडायचं. तपासणीला न येणारीला शिक्षा. सोल्जराला काही नाही. मुंबईत हा कायदा १८७० मध्ये सुरू झाला, खर्च कुणी करायचा या वादात १८७२ मध्ये बंद पडला, १८८० मध्ये पुन्हा आला. इंग्लंडात जोसेफिन बटलर या बाईंनी अशाच कायद्याविरुद्ध वर्षानुवर्षं रान उठवलं होतं. तिकडचा कायदा १८८६ मध्ये गेला आणि दोन वर्षांनी आपल्याकडचाही. म्हणजे विकणाऱ्या-घेणाऱ्याला पकडायचं कलम पुस्तकात आणि पोलिसांच्या हातात मात्र बाईची वही, असा त्या काळाचा हिशेब.

कामाठीपुऱ्यात एक सफेद गल्ली आहे. लहानपणी आम्हाला वाटायचं, चुन्याचं गोदाम असेल. ते नाव पडलं तिथं राहणाऱ्या युरोपियन वेश्यांवरून. पोलंड, रशिया, ऑस्ट्रियाकडच्या गरीब मुली, त्यांतल्या बऱ्याच यहुदी, दलालांच्या साखळीतून सुएझमार्गे मुंबईत येत. मुलींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविरुद्ध पहिला करार १९०४ मध्ये झाला, तो ‘गोऱ्या गुलामां’च्या नावानं. सफेद गल्लीच्या शेजारच्या गल्लीत सोलापूरची, बेळगावची, हैदराबादेकडची मुलगी होती, तिच्यासाठी करार नव्हता. १९२१ मध्ये राष्ट्रसंघानं नवा करार केला तेव्हा कुठं ‘गोऱ्या’ हा शब्द गळाला.

पण मुंबईला जाग आली ती करारानं नव्हे. १९१७ साली डंकन रोडवर, म्हणजे आजच्या मौलाना आझाद रोडवर, आमच्या दुकानापासून चालत पाच मिनिटांवर, एका कुंटणखान्यात एका बाईला हालहाल करून मारलं. तिचा अपराध इतकाच की तिनं पळून जायचा प्रयत्न केला होता. नावावरून ती मराठीच दिसते. नाव कागदोपत्री आहे, पण मी ते इथं घेत नाही. त्याच घरातल्या दुसऱ्या बायकांनी कोर्टात उभं राहून साक्षी दिल्या. त्यांनी हे धाडस कशाच्या बळावर केलं असेल याचा मी पुष्कळ विचार केलाय. आरोपी जेलात गेले तरी त्या बायकांना जायला घर नव्हतंच.

खटला गाजला, वर्तमानपत्रं पेटली. १९२१ मध्ये सरकारनं समिती नेमली आणि १९२३ मध्ये मुंबईचा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला. दलाल, मुली पैदा करणारा, बाईच्या कमाईवर जगणारा पुरुष हे गुन्हेगार ठरले. रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणारी बाईही ठरली. आणि कुंटणखाना चालवणं? एका बाईचा जीव ज्या घरात गेला तसलं घर चालवणं हा थेट गुन्हा व्हायला १९३० ची दुरुस्ती उजाडली. देवाला मुली सोडण्यावर मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये बंदी आली, कर्नाटकानं १९८२ मध्ये नवा कायदा केला, महाराष्ट्रानं २००५ मध्ये. तारखा सोडल्या तर त्या प्रत्येक वेळची भाषणं सारखीच आहेत, म्हणून त्यात शिरत नाही.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदानं माणसांच्या व्यापारावर बंदी घातली. १९५० मध्ये भारतानं संयुक्त राष्ट्रांच्या करारावर सही केली आणि त्यातून १९५६ चा कायदा आला. स्त्रिया व मुली यांच्या अनैतिक व्यापाराच्या दमनाचा. तो १ मे १९५८ पासून अमलात आला. आजही मुळात तोच आहे. १९८६ मध्ये दुरुस्ती होऊन नाव बदललं. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आपल्याकडच्या पोलिसांनी आणि बातमीदारांनी त्याला ‘पिटा’ म्हणायला सुरुवात केली. ‘तिला पिटा लावला’. आमच्या मोहल्ल्यातल्या हिंदीत पिटा म्हणजे मार खाल्ला. कायद्याचं टोपणनाव इतकं अचूक क्वचितच पडतं.

या कायद्यात कुंटणखाना चालवणं, मुली आणणं, कोंडून ठेवणं यांना कडक शिक्षा आहेत, आणि त्या हव्यातच. पण चौथं कलम वाचा. वेश्येच्या कमाईवर, पूर्ण असो की अंशतः, जाणूनबुजून जगणारी अठरा वर्षांवरची कुणीही व्यक्ती गुन्हेगार. दलालासाठी लिहिलेलं हे वाक्य म्हाताऱ्या आईलाही लागू पडतं, कॉलेजात शिकणाऱ्या मुलालाही. सातव्या कलमात देऊळ, मशीद, शाळा, इस्पितळ यांच्यापासून दोनशे यार्डांच्या आत, आता दोनशे मीटर, हा धंदा करायला मनाई. नागपाडा-कामाठीपुऱ्यात कुठल्याही मशिदीपासून टेप धरा, दोनशे मीटर संपायच्या आत देऊळ लागतं आणि देवळापासून धरला तर शाळा. म्हणजे कायदा रोज मोडलेलाच असतो, फक्त कोणत्या दिवशी मोडला म्हणायचं हे हवालदारानं ठरवायचं. आठवं कलम गिऱ्हाईक बोलावण्याचं. त्यात बाईला पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद, पुढं वर्षापर्यंत. १९८६ च्या दुरुस्तीनं पुरुषासाठी वेगळी ओळ घातली : किमान सात दिवस, कमाल तीन महिने. विसाव्या कलमानं मॅजिस्ट्रेट एखाद्या बाईला त्या भागातूनच हलवू शकतो.

या कायद्याला पहिलं आव्हान कुणी दिलं? अलाहाबादच्या हुस्नाबाईनं. १ मे १९५८ ला, म्हणजे कायदा अमलात आला त्याच दिवशी, चोवीस वर्षांची ही बाई हायकोर्टात उभी राहिली. मी वेश्या आहे, घरातली माणसं माझ्या कमाईवर जगतात आणि घटनेनं प्रत्येकाला व्यवसायाचं स्वातंत्र्य दिलंय, असं तिचं म्हणणं. शहरभर खळबळ उडाली. अर्ज तांत्रिक कारणानं फेटाळला गेला, पण न्यायमूर्ती जगदीश सहाय यांनी कायद्यातल्या काही कलमांबद्दल शंका नोंदवल्या. पुढं कानपूरच्या बायका विसाव्या कलमाविरुद्ध त्याच हायकोर्टात जिंकल्या आणि १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टात हरल्या. मला हुस्नाबाईचं सगळं म्हणणं पटतं असं नाही. जिला तेराव्या वर्षी चार हजारांत आणलं तिच्या तोंडी ‘व्यवसायाचं स्वातंत्र्य’ हे शब्द मला ऐकू येत नाहीत. पण कायदा आपल्याबद्दल बोलतोय आणि आपल्याशी बोलत नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं.

आता पुन्हा दुकानाकडं येतो. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबई हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली आणि पोलिसांनी कामाठीपुऱ्यात मोठा छापा घातला. चारशेहून अधिक मुली-बायका बाहेर काढल्या, जवळजवळ निम्म्या नेपाळच्या. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. रात्री पोलिसांच्या गाड्यांची रांग पाहिली आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. कलम ३७२ चालू लागलं असं वाटलं. मग एकेक बातमी येऊ लागली. सुधारगृहांत जागा नाही, आजारपण आहे. नेपाळ सरकार मुलींना परत घ्यायला कचरत होतं. शेवटी तिथल्या संस्थांनी पुढाकार घेतला आणि जुलैत सव्वाशेच्या आसपास मुली मायदेशी गेल्या. ज्या छाप्यात सापडल्या नाहीत त्या ठाणे, भिवंडी, तुर्भे, कुठं कुठं पांगल्या.

त्यानंतर कायदा थोडा हलला आहे, हे नाकारता येणार नाही. आठवं आणि विसावं कलम काढून टाकून गिऱ्हाइकाला शिक्षा करणारं विधेयक २००६ मध्ये आलं, ते लोकसभेबरोबर २००९ मध्ये विरून गेलं. पण दिल्लीच्या त्या भयंकर घटनेनंतर २०१३ मध्ये दंडसंहितेत मानवी तस्करीची व्याख्या आली आणि बळीची संमती होती ही सबब निकालात निघाली. मुलगी तस्करीतून आलेली आहे हे माहीत असूनही तिचं शोषण करणारा गिऱ्हाईकही पहिल्यांदा कचाट्यात आला. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई हायकोर्टाच्या न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाणांनी सुधारगृहात इच्छेविरुद्ध ठेवलेल्या तीन सज्ञान मुलींना सोडलं आणि वेश्याव्यवसाय हा या कायद्याखाली मुळात गुन्हाच नाही, हे स्पष्ट सांगितलं. साठ वर्षं पोलिसांपासून वाचकांपर्यंत सगळे उलटं समजून होते. १९ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टानं अशा स्त्रियांशी सन्मानानं वागा, संरक्षणगृहांची पाहणी करा आणि इच्छेविरुद्ध अडकवलेल्या सज्ञान बायकांना सोडा, असं बजावलं.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. ३७२ चं आता ९८ झालं, ३७३ चं ९९. विकणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत, पण घेणाऱ्याला किमान सात आणि कमाल चौदा. १८६० मध्ये विकणारा आणि घेणारा एका पारड्यात होते. आता घेणाऱ्याचं पारडं जड झालंय. हा बदल कुणी फारसा वाचलेला दिसत नाही. मी मात्र ती दोन कलमं पुनःपुन्हा वाचली. क्रियापदं तीच आहेत.

त्या आईचं काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिनं चार हजार घेतले, म्हणजे ३७२. मुलीच्या पैशांवर जगली, म्हणजे पिटाचं चौथं कलम. माझ्या हातानं लिहिलेले ते दहा-अकरा वर्षांचे फॉर्म तिच्याविरुद्धचा पुरावाच म्हणायचे. आणि मुलगी मात्र दर महिन्याला विचारायची, ‘‘भाऊ, पोच आली का? अंगठा तिचाच हाय नव्हं?’’ मी अंगठ्याचा ठसा दाखवायचो. ती तो बराच वेळ पाहायची. मी एकदाच तोंड उघडलं. म्हटलं, ‘‘ताई, आईनंच तर...’’ तिनं मला पुढं बोलू दिलं नाही. म्हणाली, ‘‘तिलाबी यल्लम्माला सोडली हुती. तिच्या टायमाला चार हजार न्हवतं मिळत.’’

छाप्याच्या आधी, जानेवारीच्या दहा तारखेला ती शेवटची आली. तोपर्यंत मला नोकरी लागली होती, पण सुट्टीच्या दिवशी मी बाकड्यावर बसत असे आणि ती तसंच जमवून येई. दोनशे रुपये पाठवले, संदेश नेहमीचाच. फेब्रुवारीत आली नाही, मार्चमध्ये नाही. कामाठीपुऱ्यात विचारायला मी गेलो नाही. लाज म्हणा, भीती म्हणा. अब्बा गेले होते. परत येऊन काही बोलले नाहीत, खळ ढवळत बसले.

मार्चअखेर पोस्टमननं जानेवारीची पोच आणून दिली. अडीच महिने उशिरा, कुठं अडकली होती देव जाणे. रक्कम रुपये दोनशे मात्र, खाली डाव्या अंगठ्याचा निळा ठसा, जरासा फिस्कटलेला. ती पोच अब्बांनी एका जुन्या हिशेबवहीच्या पुठ्ठ्यात घालून ठेवली, कारण मालकीण आली तर द्यायला हवी. दुकान २००९ मध्ये मोडलं. पुठ्ठा माझ्याकडं आहे.